दादाजी गजभिये आणि तीन फ्लॉप्या

दादाजी गजभिये आमच्या शाळेत प्रयोगशाळा परिचर होते. पगारपत्रकावर हा हुद्दा होता, पण सगळ्या मुली त्यांना लॅबवाले काकाच म्हणायच्या. शिक्षण सातवीपर्यंत. छप्पन साली वीस वर्षांचे असताना आईवडिलांबरोबर त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि त्याच वर्षी दारू आणि विडी सोडली. चहा तेवढा राहिला. प्रताप नगरातल्या आमच्या मुलींच्या शाळेत ते लागले तेव्हा इमारतीला एकच मजला होता. दुसरा मजला आणि त्यावरची टिनाच्या छपराची प्रयोगशाळा त्यांच्या डोळ्यांदेखत उभी राहिली.

त्यांच्या दोन सवयी मला आठवतात. एक म्हणजे प्रयोगशाळेत ते कधी बसत नसत. स्टुलं रिकामी असली तरी खिडकीच्या चौकटीला टेकून उभे राहायचे. दुसरी म्हणजे वस्तूंशी बोलणं. ब्युरेट धुताना "दम धर बावा, झालंच आता" असं त्या काचेच्या नळीला सांगायचे. वीस वर्षांत त्यांच्या हातून किती काच फुटली, असं मी एकदा विचारलं. त्यांनी नेमकं सांगितलं, "दोन परीक्षानळ्या आन् एक चंबू. चंबू पोरीच्या हातून फुटला होता, पन तिनं रडाले सुरुवात केली म्हणून मी माह्या नावावर घेतला."

पंच्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत शाळेत कंप्युटर आला. आमची एक माजी विद्यार्थिनी मुंबईला मोठ्या जागेवर होती. तिच्या कंपनीनं नवी मशिनं घेतली आणि जुन्यातलं एक तिनं आमच्याकडे पाठवलं. सोबतच्या पत्रात तिनं लिहिलं होतं, 'माझ्या शाळेतल्या मुलींसाठी.' लाकडी खोक्यातून, गवताच्या गादीवरून ते धूड बाहेर आलं तेव्हा अख्खी शाळा व्हरांड्यात जमली होती. कंपनीचा एक माणूस आला, दोन दिवस राहिला आणि ते चालू करून, शिकवून गेला.

शिकवलं आम्हा शिक्षिकांना. शिकले मात्र दादाजी. मी गणित शिकवत असल्यामुळे कंप्युटर माझ्याकडे सोपवलेला होता, पण महिन्याभरात मीच अडलं की खिडकीकडे बघू लागले. दादाजी तिथूनच सांगायचे, "बाई, ते शेवटचं बटन राहिलं दाबाचं."

त्या मशीनच्या पोटात त्याचं स्वतःचं असं काहीच नव्हतं. वीज सुरू केली की आधी त्याला एक फ्लॉपी खाऊ घालावी लागे. काळ्या चौकोनी पाकिटात बंद केलेली पातळ तबकडी. ती वाचली की मग त्याला आपण कोण आणि आपलं काम काय ते कळायचं. अशा तीन फ्लॉप्या आल्या होत्या. पहिली मशीनला जागं करणारी, दुसरी मुलींना प्रोग्रॅम लिहिता यावेत म्हणून, तिसरीत नकला काढण्यासारखी किरकोळ कामं. कंपनीचा माणूस जाताना बजावून गेला होता, "या तिन्हींच्या नकला ताबडतोब काढून ठेवा."

त्या आम्ही काढल्या नाहीत, आणि त्याचं कारण आमच्या मुख्याध्यापिका यमुताई पत्तरकिने यांचं डेडस्टॉक रजिस्टर. यमुताई अतिशय मायाळू बाई, पण त्या रजिस्टरला फार भीत. शाळेतली प्रत्येक टिकाऊ वस्तू त्यात नोंदलेली असे आणि तपासणीला वस्तू मोजल्या जात. 'फ्लॉपी, नग तीन' अशी नोंद झाली होती. "रजिस्टरमध्ये तीन आणि कपाटात सहा, तर वरच्या तीन कुठून आल्या म्हणून सांगू?" यमुताई म्हणाल्या. कमी भरलं तर चोरी आणि जास्त भरलं तर घोटाळा, असा त्यांचा हिशेब होता. कोऱ्या फ्लॉप्यांची मागणी वर पाठवायची ठरलं आणि ती पाठवायची राहून गेली.

दोन वर्षं सगळं छान चाललं. आठवी-नववीच्या बारा मुलींचा गट शनिवारी दुपारी बसायचा. आमच्याच संस्थेची मुलांची शाळा मैलभरावर होती. त्यांच्याकडे असलं काही नव्हतं आणि ते तिथल्या गुरुजींना फार लागलं होतं. दादाजींना याचा उघड आनंद व्हायचा. "पोरांले सारं आधी भेटते बाई," ते म्हणायचे. "मैदान त्यायले, हॉल त्यायले, ढोलताशे त्यायले. हे एक आपल्या पोरीयले आधी भेटलं."

सत्त्याऐंशीच्या एप्रिलच्या शेवटी शाळा सुटली. मशीनबरोबरच्या इंग्रजी पुस्तिकेत फ्लॉप्या थंड आणि कोरड्या जागी ठेवाव्यात असं लिहिलं होतं. मी ते दादाजींना वाचून दाखवलं.

ते म्हणाले, "कोरडी तं सारी नागपूरच हाय बाई मे महिन्यात. थंडी जागा कुठी हाय ते सांगा."

मी हसले. म्हटलं, "ती तुम्हीच शोधा दादाजी." आणि सुट्टीला पुण्याला निघून गेले.

त्यांनी ती शोधली. टिनाच्या छपराखालचं लोखंडी कपाट त्या दिवसांत हात लावला तर चटका देई. शाळेत एकच जागा खरी थंड होती, तळमजल्यावरची पाण्याची खोली. तिथे तीन रांजण ओल्या वाळूत बसवलेले होते. दादाजींनी फ्लॉप्यांचा डबा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला, नव्या मडक्यात ठेवला, वर झाकणी घातली आणि मडकं रांजणांच्या मधोमध वाळूत रोवलं. आपल्याकडे घरोघरी उन्हाळ्यात भाजी अशीच टिकवतात. वाळू सुकू नये म्हणून सुट्टीभर रोज सकाळी ते इंदोऱ्याहून सायकलनं येऊन तिच्यावर पाणी शिंपडत होते. त्यांच्या बायकोनं, इंदूबाईंनी, मला पुढे सांगितलं, "सेहेचाळीस डिग्रीत चालले हे. म्या म्हनलं, काहो, शाळा बंद, पोरी नाई, बाया नाई, पानी कोनाले पाजून राहिले? तं म्हणतात, तुले नाई समजाचं."

जूनच्या अखेरीला मी परत आले तेव्हा दादाजी प्रयोगशाळेत स्टुलावर बसलेले दिसले. त्यांना बसलेलं पाहूनच मला काहीतरी झाल्याचं कळलं.

तिन्ही फ्लॉप्या टेबलावर मांडलेल्या होत्या. पाकिटाला जी लांबट खाच असते तिच्यातून आतली तपकिरी तबकडी दिसते. तिच्यावर पांढरी बुरशी आली होती, लोणच्यावर येते तशी. दादाजींनी ती मऊ फडक्यानं पुसून एकेक फ्लॉपी मशीनमध्ये दिवसभर घालून पाहिली होती. मशीन घरघरलं आणि गप्प बसलं.

"म्या मारलं बाई त्याले," ते म्हणाले.

त्याच दिवशी त्यांनी यमुताईंना जाऊन सगळं सांगितलं. यमुताई घाबरल्या, पण रागावल्या नाहीत. "कुणाला बोलू नका," म्हणाल्या. "दुरुस्ती चालू आहे असं सांगू." पण मुलींच्या तोंडून बातमी बाहेर गेलीच. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात संस्थेचे सेक्रेटरी वसंतराव यांचं पत्र आलं. बावीस ऑगस्टला शनिवारी ते स्वतः कंप्युटर पाहायला येतील. चालू स्थितीत नसल्यास तो मुलांच्या शाळेकडे वर्ग करण्यात येईल, कारण तिथे विज्ञानाचे पदवीधर शिक्षक आहेत आणि ते तो दुरुस्त करवून घेतील.

दादाजींनी मला ते पत्र दोनदा वाचायला लावलं. मग बोटांवर मोजलं. "सा हप्ते," म्हणाले.

मी जूनअखेरीसच मुंबईला लिहिलं होतं. आमची विद्यार्थिनी परदेशी गेली होती. मशीन बनवणाऱ्या कंपनीचं उत्तर आलं, त्याबरोबर एक रंगीत माहितीपत्रक. ते मॉडेल बंद झालं आहे, ती जुनी प्रणाली आता आम्ही ठेवत नाही, तरी नव्या प्रणालीचं नवं मशीन घ्यावं. दादाजींनी माहितीपत्रकावरचं चित्र पाहिलं आणि कागद उलटा करून ठेवला.

मग एका शनिवारी आम्ही दोघं सीताबर्डीच्या बाजारात, आमच्या बर्डीवर, गेलो. व्हेरायटी चौकाजवळ कॅल्क्युलेटर आणि टेपरेकॉर्डर विकणारं एक दुकान होतं, तिथे कंप्युटरचंही सामान मिळतं असं ऐकलं होतं. मालक जाडजूड आणि हसरा. त्यानं आमची फ्लॉपी उजेडात धरली.

"काय ठेवलं होतं गा याच्यात, श्रीखंड?"

मी विचारलं, "ही जुन्या प्रणालीची आहे. कोरी नको, भरलेली हवी. मिळेल?"

"मॅडम, ही प्रणाली आता कोनी पुसत नाही. नवीन मशिनवाले नवीन वापरतात."

"पण दुसऱ्या एखाद्या मशीनची चालेल का?"

"नाही चालत ना. तेच तर लफडं आहे. प्रत्येक कंपनीनं आपल्या आपल्या हिशेबानं बनवली. तुमच्याच मशीनचा जुळा भाऊ पाहिजे." त्यानं थोडा विचार केला. "वाडीले एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोदामात असं धूड पाह्यलं होतं मी. पट्टा बदलाले गेलो होतो. दोन वर्षं झाले."

"गोदामाचं नाव?"

"नाव नाही ध्यानात. अमरावती रोडवर, डाव्या हाताले. बाहेर ट्रक उभे होते."

शहराबाहेरच्या वाडीत डाव्या हाताला शंभर गोदामं आणि प्रत्येकासमोर ट्रक. बाहेर पडल्यावर मी तसं म्हटलंही. दादाजी मात्र कितीतरी दिवसांनी खुशीत दिसले. "बाई, आहे तं सही ना कुठीतरी," म्हणाले.

पुढचे तीन रविवार ते सायकलनं वाडीला गेले. जुलैच्या चिखलात एकेका गोदामापुढे उतरायचं, खिशातली खराब फ्लॉपी काढायची आणि विचारायचं, "असं काही आहे का तुमच्याकडे?" एकानं ते एक्सरेचं पाकीट समजून डॉक्टरचा पत्ता दिला. एका ट्रक ड्रायव्हरनं ते बोटांनी चाचपून सांगितलं की असला पॅकिंगचा तुकडा जॅकमध्ये बसतो, पण याची साइज लहान आहे. घरी इंदूबाई म्हणायच्या, "ऐतवारी ऐतवारी नटून जातात, जशी वाडीले दुसरी बायको ठेवली." यावर दादाजींनी म्हणे एकदाच उत्तर दिलं होतं, "ठेवली असती तं पत्ता तरी मालूम असता."

तिसऱ्या रविवारी, दोन ऑगस्टला, त्यांना ते गोदाम सापडलं. यानंतरची हकिगत मला तिथे काम करणाऱ्या प्रेमिलानं सांगितली. दादाजींनी फक्त, "मुनीम भला माणूस हाय" एवढंच सांगितलं होतं.

मुनीम म्हणजे कृष्णकांत. साठीचे, कानावर पेन्सिल, गोदामातल्या प्रत्येक पोत्याचे मालक असल्यासारखे. त्यांनी फ्लॉपी पाहिली आणि आत हाक मारली, "प्रेमिला, तुह्या जुन्या मशीनचा सोयरा आला वं!"

प्रेमिला बाहेर आली. पंचविशीतली, वाडीतच भाड्याच्या खोलीत राहणारी. नववीत शाळा सुटली होती, मॅट्रिक बाहेरून केलेली, मग बर्डीवर टायपिंग. गोदामाचं जुनं मशीन तिनंच तीन वर्षं चालवलं होतं. आता हेड ऑफिसनं नवं पाठवलं होतं आणि जुनं ताडपत्रीखाली पडलं होतं, त्याचं फ्लॉपीचं तोंडही मोडलेलं.

तिनं खराब फ्लॉपी हातात घेतली. "अगागा! काका, हिले काय पान्यात ठेवलं होतं का?"

"पान्यात नाही पोरी. पान्याजवळ."

"काहून?"

दादाजींनी सगळं सांगितलं, मडक्यासकट. मुनीम पोट धरून हसले. प्रेमिला हसली नाही. तिनं विचारलं, "आन् त्या पोरी आता शनिवारी काय करतात?"

"येतात," दादाजी म्हणाले. "बंद मशीनसमोर बसतात आन् कागदावर लिहितात."

ती आत गेली. जुन्या फ्लॉप्या कुठे ठेवल्या ते शोधायला तिला आठवडा लागला, कारण मालकाच्या टेबलाचे खण बदलले गेले होते. पुढच्या रविवारी दादाजी गेले तेव्हा तिन्ही तिच्या हातात होत्या. आता मुनीम आडवे आले, मालाच्या पावतीसाठी, म्हणजे बिल्टीसाठी.

"बिल्टीशिवाय या फाटकातून सुतळीही बाहेर जात नाही," ते म्हणाले. "मालक मले विचारतात, मालकाले मी नाही विचारत."

"मंग बिल्टी फाडा," प्रेमिला म्हणाली.

"फाडतो ना. माल काय लिहू?"

"काळ्या चकत्या, तीन."

"वजन?"

तिन्ही फ्लॉप्या गोदामाच्या मोठ्या काट्यावर ठेवल्या. काटा हलला नाही. मुनीम म्हणाले, वजनाचा रकाना रिकामा ठेवला तर बिल्टी पास होत नाही, चाळीस वर्षांत ठेवला नाही. प्रेमिला म्हणाली, "मले बसवा काट्यावर सोबत." मुनीम म्हणाले, "मंग तूही मालात लिहावी लागशीन. तुले वापस कोन आनन वं?" शेवटी दादाजींची सायकल काट्यावर चढवली आणि कॅरियरला फ्लॉप्या बांधल्या. बावीस किलो भरले. बिल्टीवर लिहिलं गेलं, 'सायकल नग एक, काळ्या चकत्या नग तीन, प्रताप नगर मुलींची शाळा, परतीच्या बोलीवर.' ते गुलाबी कागदाचं अर्धं पान मी स्वतः पाहिलं आहे.

त्या दुपारी मी बर्डीवरून विकत आणलेला कोऱ्या फ्लॉप्यांचा डबा घेऊन शाळेत वाट पाहत होते. दादाजी सायकलनं आले, प्रेमिला बसनं. फाटकातून आत येताना तिनं चपला काढल्या. मी म्हटलं, "अहो, राहू द्या." ती म्हणाली, "सवय आहे बाई. आमच्या शाळेत काढाव्या लागत."

तिनं मशीनसमोर बसून वीज सुरू केली. फ्लॉपी हातात घेतली आणि थांबली.

"काका, त्या बुरशीवाल्या याच्यात घातल्या होत्या का?"

"घातल्या ना. पुसून."

"किती वेळा?"

"लय वेळा."

तिनं स्वतःची फ्लॉपी पाकिटात परत ठेवली. ती म्हणाली, आत एक बारीकसं डोकं असतं, ग्रामोफोनच्या सुईसारखं. ते बुरशीनं माखलं असणार. आता चांगली फ्लॉपी आत गेली तर ती खरवडून निघेल आणि मग वाडीतही काही उरणार नाही. चांगली करायच्या धडपडीत दादाजींनी अजून बिघडवून ठेवलं होतं.

"कशानं साफ होते?" त्यांनी विचारलं.

"स्पिरिट लागते. आता ऐतवारी कुठून आनता?"

तेव्हा दादाजी प्रथमच त्यांच्या नेहमीच्या आवाजात बोलले. "स्पिरिटले काय तोटा? स्पिरिटचे दिवे मीच भरतो इथं."

मशीनचं झाकण त्यांनी उघडलं. बांबूच्या बारीक काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटात बुडवला आणि फ्लॉपी घालायच्या दोन्ही तोंडांतली ती डोकी पुसली. एक बोळा पिवळट निघाला, दुसरा कमी, पाचवा स्वच्छ. "दम धर बावा," ते सांगत होते. मग सगळं वाळेपर्यंत आम्ही तिघांनी चहा घेतला. प्रेमिलानं आपल्या फ्लॉपीच्या कडेची बारकी खाच कागदाच्या चिकटपट्टीनं बंद केली. असं केलं की मशीनला तिच्यावरून फक्त वाचता येतं, तिच्यावर काही लिहिता येत नाही.

फ्लॉपी आत गेली. घरघर झाली, थांबली, पुन्हा झाली. पडद्यावर हिरवं अक्षर आणि त्याच्यापुढे लुकलुकणारी खूण उमटली. दादाजी खिडकीकडे गेले आणि नेहमीसारखे चौकटीला टेकले.

मग कामाला लागले. कोरी फ्लॉपी आधी मशीनकडून आखून घ्यायची, मग तिच्यावर उतरवायचं, मग पडताळायचं. प्रेमिला प्रत्येक पायरी करून दाखवी आणि दादाजी वहीत आपल्या मोठ्या अक्षरात लिहून घेत. पहिली नक्कल तिनं केली, दुसरी त्यांनी. संध्याकाळपर्यंत प्रत्येकीच्या दोन-दोन नकला झाल्या. दिवस मावळायच्या आत ते तिच्या तीन फ्लॉप्या घेऊन वाडीला सायकल मारत गेले, कारण बिल्टी परतीच्या बोलीची होती.

सोमवारी मी यमुताईंना सांगितलं की आता कपाटात खराब तीन सोडून सहा आहेत. त्यांनी रजिस्टर उघडलं, मिटलं आणि म्हणाल्या, "त्याचं मी बघते." यमुताईंच्या तोंडून ते वाक्य निघणं म्हणजे काय, हे फक्त आम्हालाच कळावं.

पुढचे बारा दिवस दादाजींनी एक वेगळंच काम आरंभलं. शाळा सुटल्यावर बारा मुलींना एकेक करून मशीनपाशी बसवायचं आणि वही पुढे ठेवून सगळं तिच्याकडून करून घ्यायचं. मशीन जागं करणं, डोकं साफ करणं, नक्कल काढणं. स्वतः खिडकीपाशी, हात पाठीमागे. मी म्हटलं, "अहो, तुम्हाला येतंय ना? इतकी घाई कशाला?" ते म्हणाले, "मले येत होतं म्हणूनच तं बंद पडलं बाई. एकाच मानसाजवळ किल्ली नसावी."

बावीस तारखेला वसंतराव आले. पांढरा सदरा, स्वच्छ, शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी कुणाचं वाईट केल्याचं मी कधी ऐकलं नाही. सोबत मुलांच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. मशीन चालू झालं, मुलींनी बेरजांचा प्रोग्रॅम दाखवला. वसंतराव खूश झाले. मग सहज म्हणाले, "मग दीड महिना बंद का होतं?"

यमुताई म्हणाल्या, "तो एक तांत्रिक..."

"माह्याच्यानं झालं साहेब," दादाजी म्हणाले.

त्यांनी सगळं सांगितलं. रांजण, वाळू, बुरशी, बर्डी, वाडी. मी मध्ये म्हटलं की थंड जागा शोधा असं मीच सांगितलं होतं. वसंतराव म्हणाले, "बाई, तुम्ही बसा." मग ते दादाजींकडे वळले.

"फ्लॉप्या तू शोधून आणल्यास, म्हणून चालू झालं," ते म्हणाले. "मला असं वाटतं, मशीन मुलांच्या शाळेत न्यावं आणि तूही त्याच्याबरोबर तिकडे जावंस. तिथं तुझ्या कामाची कदर होईल. पगारातही बघू." त्यांच्या मनात खरोखरच चांगलं होतं. मुख्याध्यापकांनी मान डोलावली.

मी दादाजींकडे पाहिलं. त्यांनी मशीनकडे पाहिलं.

"साहेब, मशीनले माही गरज नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"पोरी चालवतात. बंद करून पाहा."

वसंतरावांनी मशीन बंद करायला सांगितलं. दादाजी दाराबाहेर गेले आणि व्हरांड्यात पाठ करून उभे राहिले. नववीतली चारुलता पुढे आली. लहानखुरी, दोन वेण्यांची, एरवी उत्तर येत असूनही हात वर न करणारी. तिनं फ्लॉपी आत घातली, मशीन जागं केलं. मुख्याध्यापक म्हणाले, "हे पाठ केलेलं असेल." तेव्हा तिनं त्यांच्याकडे न बघता एक कोरी फ्लॉपी काढली, आखली, नक्कल काढली, पडताळली, ती दुसऱ्या मुलीच्या हातात दिली, आणि त्या मुलीनं तिच्यावरच मशीन परत चालू करून दाखवलं. कुणीही एकदाही दाराकडे पाहिलं नाही.

वसंतराव उठले. "मशीन इथंच राहू द्या," म्हणाले. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मग दारात ते दादाजींपाशी थांबले. "पण दादाजी, तूच दाखवलंस की इथं तुझ्याशिवाय चालतं. मुलांच्या प्रयोगशाळेत जागा रिकामी आहे. एक तारखेपासून तिकडे ये."

यमुताईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. दादाजीच आधी म्हणाले, "येतो साहेब."

नंतर मी त्यांच्यावर चिडले. म्हटलं, "गप्प राहिला असतात तर दोन्ही राहिलं असतं." ते ब्युरेट पुसत होते. म्हणाले, "नसतं राहिलं बाई. मी नेलं असतं त्याले सोबत. त्यायनं मले पगाराचं सांगितलं तवा माह्या मनात आलंच होतं." मग थोड्या वेळानं, "एक घडी आलं होतं."

सप्टेंबरपासून ते मुलांच्या शाळेत जाऊ लागले. तिथे मशीन नव्हतं, चंबू मात्र पुष्कळ फुटायचे. पहिल्या शनिवारी त्यांची शाळा सुटल्यावर ते सायकलनं आले. मुलींनी "काका, आत या ना!" म्हणून गलका केला. ते आत आले नाहीत. व्हरांड्यातून खिडकीच्या गजांशी उभे राहिले. चारुलताचा प्रोग्रॅम अडला होता. पडद्यावर तीच ती ओळ पुन्हा पुन्हा येत होती. चूक कुठे आहे ते त्यांना दिसलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. ती कागदावर लिहून, खोडून, पुन्हा लिहून पाहत होती. दहा मिनिटं गेली. दादाजी एक शब्द बोलले नाहीत. शेवटी तिनं एक आकडा बदलला आणि ओळ पुढे सरकली.

दादाजींनी सायकल काढली.

"चहा तरी घ्या," मी म्हटलं.

"पुढच्या शनिवारी," ते म्हणाले, आणि फाटकाबाहेर पडले.